अ‍ॅप टाकण्याआधी गोळ्यांची पट्टी उलटून बघा

नमस्कार मंडळी. महिनाभर एकच विचारणा चाललीय. लातूरहून, परळीहून, हिंगोलीहून. "दादा, टेन्शनसाठी कुठलं अ‍ॅप चांगलं?" एका भावाने तर चार अ‍ॅपचे स्क्रीनशॉट पाठवलेत.

साधं ते पटकन सांगतो. अ‍ॅप कुणी बनवलं, त्यामागे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, फुकटाचे दिवस संपल्यावर किती पैसे कापतात, हे बघा. आणि तुम्ही लिहिलेलं कुठं जातं, तेही. २०२३ मध्ये अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. ग्राहकांची माहिती तिने जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिल्याचा ठपका होता. त्यामुळे मन मोकळं करायचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागत असेल तर मी परवानगी देत नाही.

आता माझा खरा प्रश्न. गोळी संपली त्या दिवशी तुमचं अ‍ॅप काय करतं?

माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याने सांगू दिलं म्हणून सांगतोय. रोज रात्री रिस्पेरिडोन. सोयाबीन काढणीचे दिवस होते. सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर सांगितलं, "हे नाही, बाहेरून घ्या." हातात पैसा नव्हता, मामी तशीच परत आली. त्याच्या आधीच मी मामाच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं होतं. तो रोज हसरा चेहरा दाबायचा, अ‍ॅप शाबासकी द्यायचं. काही आठवड्यांनी मामा मध्यरात्री घरातून निघून गेला, पहाटे विहिरीजवळ सापडला. गोळी बंद आहे हे त्या अ‍ॅपने एकदाही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

कमेंटमध्ये एकाने लिहिलंय, "गोळ्यांची सवय लागते, अ‍ॅपच बरं." भाऊ, असं लिहू नका हो. कुणीतरी ते वाचून आज रात्रीची गोळी टाकून देतं. लोराझेपामसारख्या झोपेच्या गोळीची सवय लागते, खरंय. पण नैराश्यावरची एस्सिटालोप्राम वेगळी. तिचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, आणि तीही एकदम तोडली तर चक्कर, बेचैनी होते. बायपोलर आजारावरचं लिथियम घेणाऱ्याचं तर रक्त तपासावं लागतं. ते कुठल्या अ‍ॅपने होणार?

हेच आता दुकानाच्या बाजूने बघा. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, मेडिकलवाला म्हणतो "नाही." पट्टी उलटा. बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. जनऔषधी केंद्रात त्याच नावाने मागायचं. औषध तेच, डोस तोच. डोसमध्ये बदल फक्त डॉक्टर करणार.

आणि कायद्याच्या बाजूनेही बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. कलम १८ सांगतं, सरकारने जाहीर केलेल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं मनोरुग्णांना फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर. आपल्याकडे म्हणजे ग्रामीण रुग्णालयापासून. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधं आहेत, त्यात रिस्पेरिडोन आहे, लिथियमही आहे. म्हणून खिडकीवर "नाही" म्हटलं की कलम १८ चं नाव घेऊन विचारा, कधी येणार? तोवर कुठं मिळेल? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही जुनी मनोरुग्णालयं आपल्यापासून किती लांब आहेत, मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे.

रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा, गोळी किती दिवसांपासून बंद आहे.

मामाच्या फोनमध्ये ते अ‍ॅप अजून आहे, त्याला त्यातली श्वासाची कसरत आवडते. पण दहा गोळ्या उरल्या की मामी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अंबाजोगाई गाठते.