मणक्यातले काळे ठिपके

(दृश्य: मांडवीचा पूल, पहाट, मग बांबोळीचा चढ)

पाठदुखीला गोव्यात कारणं कमी नाहीत. शेतातलं वाकणं, स्कूटरखालचे खड्डे, वय. पण आतड्यात, स्वादुपिंडात किंवा फुप्फुसात न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचं ज्यांना आधीच कळलं आहे, त्यांची पाठ वेगळ्या नजरेनं तपासावी लागते. न दुखणारी पाठसुद्धा.

या गाठी संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून उगवतात. पसरल्या की बहुधा आधी यकृतात जातात, काहींच्या हाडांतही: मणके, कंबर, बरगड्या. हाडात पोचली तरी आतड्यातली गाठ आतड्याचीच राहते. घरी ‘हाडांचा कॅन्सर झाला’ म्हणतात, ते बरोबर नाही. पेशी मूळचीच, म्हणून उपचारही मूळ गाठीचा.

(दृश्य: शिशाच्या कवचातला जनरेटर, हातमोजे, कुपी)

हा गॅलियम जनरेटर, स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी गॅलियम देणारा. आतल्या जर्मेनियम ६८चं अर्धायुष्य २७१ दिवसांचं. त्यातून सतत गॅलियम ६८ तयार होतं आणि ते दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. साठवता येत नाही, म्हणून रुग्ण बाहेर बसलेले असतानाच ते काढायचं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं धुऊन घ्यायचं, डोटाटेट नावाच्या रेणूबरोबर तापवायचं, शुद्धता तपासायची आणि शिरेतून द्यायचं. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणाऱ्या जागा असतात. डोटाटेट त्यांनाच जाऊन चिकटतं. तासाभरानं पेट स्कॅन.

(दृश्य: पडद्यावर अख्ख्या शरीराचं चित्र)

इथे जरा थांबून बघा. प्लीहा, मूत्रपिंडं, मूत्राशय काळेकुट्ट दिसतात, ते नेहमीचंच. मणक्यातले हे ठिपके मात्र आजाराचे. शेजारी त्याच मणक्याचा साधा सीटी आहे, त्यात जवळजवळ काहीच नाही. हाडाची घडण पुरेशी बदलेपर्यंत सीटीला पत्ता लागत नाही. म्हणून सीटी स्वच्छ आला की हाडंही स्वच्छ, असं धरू नये. उपचार ठरण्याआधी हा स्कॅन व्हायलाच हवा.

प्रत्येक ठिपका गाठ नसतो, हेही खरं. जुनं फ्रॅक्चर, झिजलेला सांधा, मणक्यातला निरुपद्रवी हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांचा गुंता) हेही फिकट उमटतात. सोमॅटोस्टॅटिनसारखं काम करणारं ऑक्ट्रिओटाइड हे महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या जरा आधी घ्यावा. केआय ६७ (किती पेशी विभागत आहेत त्याचं माप) जास्त असलेल्या, वेगानं वाढणाऱ्या गाठी या चित्रात कधी कधी दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी एफडीजी पेट, म्हणजे किरणोत्सारी साखरेचा स्कॅन लागतो.

(दृश्य: नर्सचे हात, इंजेक्शनचा संच)

ऑक्ट्रिओटाइडचं हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि देण्याआधी अर्धा ते एक तास बाहेर काढायचं. द्रावक घातल्यावर पावडर पूर्ण भिजू द्यायची, नीट मिसळायचं आणि लगेच कुल्ल्याच्या स्नायूत खोल द्यायचं. उशीर झाला की पावडर खाली बसते, सुई तुंबते आणि महागडा डोस वाया जातो. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या घरांनी ते दवाखान्याच्या फ्रिजमध्येच ठेवून घ्यावं.

(दृश्य: मडगावचा फलाट, मुंबईची गाडी)

ठिपके यकृतापेक्षा गडद असतील तर ल्युटेशियम १७७चा, म्हणजे डोटाटेटला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडून शिरेतून देण्याच्या उपचाराचा पर्याय खुला होतो. हे समस्थानिक ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही बनतं. नेहमीचा क्रम असा: एका वेळी ७.४ गिगाबेकेरेल (किरणोत्साराचं माप), साधारण ८ आठवड्यांच्या अंतरानं ४ वेळा. मूत्रपिंडं वाचवायला लायसिन-आर्जिनिनचं सलाइन अर्धा तास आधी सुरू होतं आणि सुमारे ४ तास चालतं. हाडांत आजार फार पसरलेला असेल तर रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेवर ताण येतो, प्लेटलेट्स उतरतात. मग पुढचा डोस लांबवतात किंवा कमी करतात.

दुखऱ्या हाडाला ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) एकच किरणोपचार पुष्कळदा पुरतो. हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक आम्ल ४ मिलिग्रॅम, शिरेतून किमान १५ मिनिटांत. त्याआधी मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं आणि दाताच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड मरू शकतं.

(दृश्य: बांबोळी, रात्र, रुग्णवाहिका)

पाय लुळे पडले, लघवी अडली किंवा पाठ अचानक नव्यानं दुखू लागली, तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. मुंबईतल्या उपचाराच्या तारखेची वाट पाहू नका. १०८ला फोन, थेट गोमेकॉ (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज), त्याच दिवशी संपूर्ण मणक्याचा एमआरआय.