आयपीएचा रिकामा ड्रम
(सुरक्षा सप्ताहानिमित्त तारापूर औद्योगिक वसाहतीतील पर्यवेक्षक व कामगारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरक्षा सप्ताहात माइकसमोर उभा राहिलेला माणूस काय सांगणार हे तुम्हाला पाठ आहे. हेल्मेट घाला, बूट घाला, शपथ घ्या. शपथ तुमची सकाळीच झाली. मी फक्त एका द्रवाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही तो संपला असं आपण समजतो तेव्हा ड्रममध्ये काय असतं, त्यावर जास्त वेळ घेणार आहे.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आपलं आयपीए. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या हाताला आज त्याचा वास असेल. आपल्याकडे इथेनॉल बरंचसं साखर कारखान्यांच्या मळीतून येतं. आयपीएचा उसाशी काही संबंध नाही. ते प्रॉपिलीन या वायूत पाणी जोडून बनतं. अमेरिकेत १९२० साली तेलशुद्धीकरणाच्या वायूपासून ते व्यापारी प्रमाणावर काढायला लागले, आणि पेट्रोरसायन उद्योगाचा आरंभ बरेच जण तिथूनच मोजतात. महाराष्ट्रात तळोज्याला दीपक फर्टिलायझर्सचा आयपीएचा कारखाना आहे. कुठे लागतं? औषधांच्या बल्कमध्ये, म्हणजे गोळ्या बनण्याआधीच्या मूळ औषधात, स्फटिक पाडायला आणि धुवायला, गोळ्यांच्या कोटिंगला, प्लॅस्टिकच्या पिशव्या छापणाऱ्या फ्लेक्सोच्या शाईत, छपाईच्या ऑफसेट मशीनची प्लेट ओली ठेवणाऱ्या डॅम्पनिंगच्या पाण्यात, सर्किट बोर्ड पुसायला. करोनात सॅनिटायझरमध्येही गेलं. पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं, चिकट पदार्थ विरघळवतं, लवकर उडतं आणि मागे डाग ठेवत नाही. इतका सोयीचा द्रव असल्यामुळेच तो कुठेही, कशातही ओतून ठेवला जातो. पाण्याच्या बाटलीतसुद्धा. हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय आणि दर वेळी चिडलोय.

आता एक आकडा लक्षात ठेवा : १२. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंश सेल्सिअस. त्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर इतकी वाफ जमते की ठिणगी मिळाली तर ती पेटते. द्रव कधी पेटत नाही, पेटते ती वाफ. १२ अंशांच्या खाली बोईसरचा पारा कधी जातो? निफाडला थंडीच्या रात्री जातो, आपल्याकडे सहसा नाही. म्हणजे इथे वर्षाचे बाराही महिने हा द्रव पेटायला तयार असतो. पेट्रोलियमच्या कायद्यात २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेल्या मालाला अ वर्गात टाकतात, पेट्रोल त्याच वर्गातलं. त्यावरून धोक्याचा अंदाज घ्या.

पण पेट्रोलपेक्षा एका बाबतीत आयपीए जास्त कावेबाज आहे. हवेत आयपीएची वाफ साधारण २ टक्क्यांपासून १२ टक्क्यांपर्यंत असेल तरच ती पेटते. कमी असेल तर जळायला माल पुरत नाही, जास्त असेल तर हवा पुरत नाही. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवाच्या वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की तिथे ठिणगी पडली तरी सहसा पेट घेत नाही. आयपीएचं तसं नाही. २५ अंशांना बंद ड्रममध्ये द्रवावरच्या हवेत सुमारे ६ टक्के वाफ असते. बरोबर मधोमध! १२ अंशांपासून थेट ३८च्या आसपासपर्यंत ड्रममधली हवा स्फोटाच्या पट्ट्यात राहते. आपलं सगळं हवामान त्या पट्ट्यात बसतं. हे कुणी मुद्दाम आखलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

म्हणून रिकामा ड्रम. पंपाने ओढता येईल तेवढं ओढलं, ड्रम आडवा करून निथळला, बुच लावलं आणि मागच्या भिंतीला ठेवला. २०० लिटरचा ड्रम. त्यातली सगळी हवा २ टक्क्यांपर्यंत न्यायला किती द्रव लागतो, ठाऊक आहे? साधारण १२ मिली. दोन-तीन चमचे. तेवढं तर तळाच्या कडेला राहतंच. भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा थोडी असते. रिकाम्यात २०० लिटर जागा आणि सगळी पेटण्याजोगी. मग तो ड्रम भंगारवाल्याकडे जातो, तिथे कुणीतरी पत्र्यासाठी गॅस कटर लावतो, आणि झाकण माणसासकट उडतं. ही बातमी तुम्ही वाचलेली असेल, कारखान्याचं नाव बदलून दर थोड्या दिवसांनी ती येते. बातमीत ‘ड्रममध्ये रसायनाचा अंश होता’ एवढंच असतं. अंश म्हणजे दोन चमचे, हे कुणी लिहीत नाही. कापायचा असेल तर आधी वाफेने नाहीतर पाण्याने धुतलाच पाहिजे, आतली हवा गॅस मीटरने तपासली पाहिजे. आणि माझं मत विचाराल तर कापायला देऊच नये. ड्रम धुऊन परत घेणारे अधिकृत लोक असतात, त्यांना द्या. स्वस्तात विकण्याचे चार पैसे मिळतात, तेवढ्यासाठी दुसऱ्याचा मुलगा पणाला लावू नका.

दुसरा हिशेब जमिनीवर सांडलेल्याचा. एक लिटर आयपीए पूर्ण उडालं की सुमारे ३२० लिटर वाफ होते. ती १६ घनमीटर हवा पेटण्याच्या किमान पातळीला आणू शकते. वाचमनच्या छोट्या केबिनीएवढी. ही वाफ हवेच्या दुपटीने जड असते, वर जात नाही. जमिनीलगत सरपटत गटारात, पंपाच्या खड्ड्यात, शेजारच्या खोलीत जाते. तिकडे कुणी विडी पेटवली, तर आग वाफेच्या वाटेने उलटी तुमच्या ड्रमपर्यंत येते. आणि आपण एक्झॉस्ट फॅन कुठे लावतो? छताजवळ. मालकाला सांगा, खालचा झरोका हवा, तोही जमिनीपासून वीतभरच वर.

ठिणगीचं बोलू. फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही असे दिवे, तशीच मोटर, मोबाइल गेटवर, हे सगळं ठीक आहे आणि बहुतेक ठिकाणी आता आहेही. पण ओततानाच्या स्थिर विजेकडे लक्ष कमी असतं. आयपीएची वाफ पेटायला एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा लागते. कोरड्या हवेत दाराची कडी धरताना बोटाला जी चटक बसते, तेवढी पुरते. आयपीए स्वतः वीज बऱ्यापैकी वाहून नेतं, त्यामुळे भार द्रवात साठून राहत नाही, त्याला वाट मिळाली तर तो जमिनीत जातो. वाट मिळाली तर! ड्रम प्लॅस्टिकच्या पॅलेटवर उभा असेल, खाली प्लॅस्टिकची बादली आणि त्यात लोखंडी नरसाळं असेल, तर भार त्या लोखंडात अडकतो आणि जवळ हात नेला की सुटतो. म्हणून दोन्ही भांडी आधी एकमेकांना तारेने जोडा, मग अर्थिंग. चिमटा रंगावर लावू नका, त्याच्या दातांनी रंग खरवडून तो लोखंडाला लागला पाहिजे. आणि ओतायची नळी तळापर्यंत, वरून धार सोडायची नाही.

अंगावरचं थोडक्यात. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, नायट्राइलचे मोजे वापरा. बंद जागेत वास घेत राहिलात तर डोकं जड होतं, झोप येते. हवेत २०० ते ४०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढ्या भागांच्या, पुढे आठ तास राहू नये. पोटात गेलं तर इथेनॉलपेक्षा जास्त चढतं आणि पोटाला मार बसतो. मिथेनॉलसारखी दृष्टी जात नाही, पण पिंपावर लेबलच नसेल तर आत कोणतं अल्कोहोल आहे ते तुम्हाला कळणार कसं? २०१५ला मुंबईच्या मालवणीत दारूतल्या मिथेनॉलने शंभरावर माणसं गेली. लेबल नसलेल्या कॅनला मी म्हणूनच इतका घाबरतो.

तुमच्या प्रश्नांतला एक महत्त्वाचा होता : आमच्या क्लीनरूममध्ये ७० टक्के द्रावण फवारतात, त्यात पाणी आहे, मग ते पेटतं का? पेटतं. फ्लॅश पॉइंट चढून जेमतेम १८च्या आसपास जातो, म्हणजे आपल्या एसीच्या खोलीतही धोका उरतोच. पाणी घातलेलं असतं ते जंतूंचं प्रथिन गोठवायला मदत व्हावी म्हणून, आगीसाठी नाही. विजेच्या चालू पॅनेलवर ते फवारू नका, कापडावर घेऊन पुसा, आणि तेही पॅनेल बंद करून.

आग लागली तर? थोडी असेल तर डीसीपी, म्हणजे कोरडी रासायनिक पावडर, किंवा कार्बन डायऑक्साइड. मोठी असेल तर फोम, पण अल्कोहोलला टिकणारा. साधा फोम आयपीएवर टाकला तर ते फोममधलं पाणी ओढून घेतं आणि फेस बसतो, आग तशीच. तुमच्या ट्रॉलीवर कोणता फोम भरलाय ते आज जेवणाच्या सुट्टीत वाचून या. पाण्याची धार पेटलेल्या ड्रममध्ये मारू नका, ते उतू जाऊन आग पसरवतं. पाणी शेजारचे ड्रम थंड ठेवायला वापरा. टँकर उलटला तर फायर ब्रिगेडला त्याच्या पाटीवरचा यूएन नंबर, म्हणजे रसायनाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, सांगा, १२१९.

शेवटी रिकव्हरीवाल्यांसाठी, म्हणजे वापरलेलं आयपीए उकळून परत मिळवणाऱ्यांसाठी. आयपीए आणि पाणी एकत्र उकळलं की आयपीएचं प्रमाण वजनाने ८८ टक्क्यांच्या वर साध्या ऊर्ध्वपातनाने जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण उघडून बरेच महिने पडलेल्या ड्रममध्ये हवेमुळे पेरॉक्साइड बनतं, हे विसरायला होतं. केटल, म्हणजे उकळायचं भांडं, कोरडं होईपर्यंत चालवलं तर ते तळात जमून फुटतं. केटलमध्ये भरण्याआधी ड्रममध्ये पेरॉक्साइड तपासायची पट्टी बुडवा. निळी झाली तर तो ड्रम बाजूला काढून केमिस्टला बोलवा. पट्टी कोरी राहिली तरी तळाचा पाचवा हिस्सा सोडून केटल बंद करा, आणि ड्रम उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहा.