काकूंचं लोणचं आणि काळजातली गाठ

नमस्कार श्रोतेहो.

खाटकाकडे जाऊन ‘पाव किलो काळीज द्या’ म्हटलं की तो काय देतो, हे खाणाऱ्यांना सांगायला नको. तो यकृत देतो. लिव्हर. पण तेच घेऊन घरी येणारा माणूस ‘काळजात धस्स झालं’ म्हणताना हात नेतो छातीवर, डावीकडे. आपल्या भाषेनं हा घोटाळा कधी निस्तरलाच नाही, आणि मलाही तो निस्तरायचा नाही. एवढंच सांगतो, की खरं काळीज उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला असतं आणि त्याचं वजन भरतं सव्वा ते दीड किलो. आज बोलायचंय ते ह्या खऱ्या काळजात सापडणाऱ्या गाठींबद्दल. त्यातही कॅन्सर नसलेल्या गाठींबद्दल.

मला वेळ दिलीय बारा मिनिटं. त्यातली निम्मी एका काकूंच्या नावावर जाणार, हे आत्ताच कबूल करतो. सर्जन म्हणून मी पुष्कळ पोटं उघडली, पण शिकवून गेल्या त्या ह्या काकू, आणि त्यांचं पोट मी उघडलंच नाही.

काकू तासगावकडच्या. वय तेव्हा बावन्न. लोणच्याचा व्यवसाय. उन्हाळ्यात कैरी, मग लिंबू, मग मिरची. एका बरणीपासून सुरुवात केली आणि पुढे सांगली-मिरजेच्या दुकानांत त्यांचा माल जायला लागला. फोडी करायला चार बायका होत्या, मीठ-हळद लावायला सून होती, बरण्या पोचवायला मुलगा होता. पण मसाला? मसाला काकू रात्री, जेवणं उरकल्यावर, स्वयंपाकघराचं दार आतून लावून एकट्या कालवायच्या. मोहरीची डाळ किती, मेथी किती तळायची, हिंग फोडणीत केवढा आणि कोरडा केवढा, हे बावीस वर्षं घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. सून लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली होती. ती दाराबाहेर. मोजायला काकूंचं पितळेचं चिपटं होतं आणि तेसुद्धा त्या कडीकुलपात ठेवायच्या.

तर ह्या काकूंना जेवल्यावर पोट गच्च व्हायला लागलं. पित्ताचे खडे असतील म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. खडे नव्हतेच. पण रिपोर्टात एक ओळ आली. यकृताच्या उजव्या भागात ३.८ सेंटिमीटरची, पांढरी दिसणारी, कडा स्पष्ट असलेली गाठ, बहुधा हिमँजिओमा, पुढील तपासणीने खात्री करावी.

मुलानं ती ओळ ‘गाठ’पर्यंत वाचली. ‘बहुधा’च्या पुढचं त्याच्या डोळ्यांत शिरलंच नाही. वर शेवटी ‘ओमा’! कोणीतरी त्याला सांगितलं, ओमा म्हणजे खलास. त्यानं रिपोर्ट स्कूटरच्या डिकीत लपवला आणि आईला म्हणाला, ‘काही नाही, गॅस आहे.’

आता मला सांगा, घरात असं लपतं का? सून म्हणायला लागली, ‘तुम्ही बसा, मी करते.’ नवऱ्यानं उभ्या जन्मात कधी फळ आणलं नव्हतं, तो अंजिरं घेऊन आला. जावई फोन करून तब्येत विचारायला लागला. घरातली माणसं अचानक गोड बोलायला लागली की बाईला समजायचं ते समजतं. चार दिवसांत काकूंनी डिकी उघडून रिपोर्ट बाहेर काढला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सेंटिमीटरचा आकडा आला वाचता.

मग त्यांनी आवराआवर केली. पाटल्या मुलीला दिल्या. पैठणी जावेला दिली, जी तिनं वीस वर्षांपूर्वी एकदा मागितली होती. आणि एका रात्री सुनेला आत बोलावलं, दार लावलं, आणि चिपटं तिच्या हातात दिलं. पहाटेपर्यंत तिच्याकडून मसाला करून घेतला. दोन घाणे बिघडले, ते टाकून दिले, तिसरा जमला.

माझ्याकडे आले ते असे. काकू, नवरा, मुलगा. दुसरीकडे कुठेतरी त्यांना ‘गाठीत सुई घालून तुकडा काढू’ म्हणून तारीखही मिळालेली होती. मुलाचं म्हणणं, ‘डॉक्टर, परवा सुई आहे, त्याआधी एकदा बघा.’

श्रोतेहो, इथे थांबून एक मुद्दा सांगतो आणि तो पुन्हा सांगणार आहे. यकृतातल्या गाठीत घाईनं सुई घालायची नाही. हिमँजिओमा म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, रक्तानं भिजलेला स्पंजच म्हणा ना. त्याला टोचलं तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि आपल्याकडे, विशेषतः जिथे मेंढरं आणि कुत्री एकत्र नांदतात तिथे, यकृतात हायडॅटिड नावाच्या जंताची पाण्यानं भरलेली गाठही सापडते. तिला तयारीशिवाय टोचलं आणि ते पाणी पोटात सांडलं, तर जिवावर बेतेल इतकी जोराची ॲलर्जी येऊ शकते. सुईची तपासणी वाईट नाही. कधीकधी तिच्यावाचून निदान होतच नाही. पण ती शेवटी. आधी चित्रं. पुन्हा सांगतो, आधी चित्रं, म्हणजे सोनोग्राफी, एमआरआय, मग लागली तरच सुई.

मी काकूंना नेहमीचे प्रश्न विचारले. वजन उतरलंय का? कावीळ? घरात कुणाला यकृताचा आजार? पूर्वी स्तनाचा, आतड्याचा कॅन्सर? सगळ्याला नाही. रक्त तपासलं. यकृताच्या चाचण्या सरळ, हिपॅटायटिस बी आणि सी नाही, एएफपी नावाची यकृताच्या कॅन्सरसाठी बघतात ती चाचणीही ठीक. मग मी विचारलं, याआधी कधी पोटाची सोनोग्राफी झाली होती का?

काकू म्हणाल्या, ‘नाही.’

नवरा पहिल्यांदाच बोलला. ‘झाली की. पिशवी काढली तेव्हा.’

पिशवी काढली त्याला अकरा वर्षं झालेली. मी म्हटलं, तो रिपोर्ट आहे? मला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हजर झाले. त्यात सातबारा, विजेची बिलं आणि चौघडी घातलेला, घडीवर फाटत आलेला तो कागद. त्यावर गर्भाशयाबद्दल दहा ओळी आणि शेवटी टाकून दिल्यासारखी एक ओळ. यकृतात ३.५ सेंटिमीटरची पांढरी गाठ.

अकरा वर्षांत तीन मिलिमीटर. एवढा फरक तर मोजणाऱ्याचा हात बदलला तरी पडतो. जुने रिपोर्ट जपून ठेवा हो. एक्सरेच्या फिल्मी खिडकीला लावायला वापरता, त्याला माझी हरकत नाही, पण कागद ठेवा. त्या फाटक्या कागदानं आमचं अर्धं काम केलं.

उरलेलं अर्धं एमआरआयनं. शिरेतून औषध सोडून केलेला एमआरआय. चित्रं आली तशी मी काकूंना पडद्यासमोर बसवलं. एका चित्रात ती गाठ लखलखीत पांढरी दिसत होती, काळोखात बल्ब लावावा तशी. ही ह्या गाठीची ओळखीची खूण. मग औषध सोडल्यानंतरची चित्रं. पहिल्या अर्ध्या मिनिटात गाठीच्या फक्त कडेला ठिपके ठिपके उजळलेले. मिनिटाभरानं ठिपके आत सरकलेले. काही मिनिटांनी गाठ जवळजवळ पूर्ण भरलेली, मधे थोडी कोरडी.

काकू बघत होत्या. म्हणाल्या, ‘वाफ्यात पाणी सोडल्यावानी हाय की. कडंकडंनं भिजत मधी येतंय.’

मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं, असं सोपं मला कधी सांगता आलं नाही. तेव्हापासून मी तसंच सांगतो.

मी म्हटलं, ‘काकू, हा हिमँजिओमा. कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होत नाही. ऑपरेशन नको, गोळी नको, सुईची तारीख रद्द करा. पोट गच्च होतंय ते ॲसिडिटीनं, गाठीचा त्याच्याशी संबंध नाही.’

काकू गप्प. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. ‘म्हंजे मी मरत न्हाई?’

‘ह्या गाठीनं नाही.’

त्यांनी हळूच मान वळवली आणि मुलाकडे असं बघितलं, की तो खुर्चीत मागे सरकला. ‘आन् मी प्रमाण सांगून बसले की रं तिला!’ मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे: ‘डाक्टर, इसरायची काय गोळी असती का?’

असो. घड्याळ पुढे गेलंय, बाकीच्या गाठी उरकायला हव्यात.

यकृतातली कॅन्सर नसलेली सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे हाच हिमँजिओमा. चालत्याफिरत्या शंभर माणसांची सोनोग्राफी केली तर दोन-चार जणांत सापडेल, बायकांत जास्त. जन्मभर कळतही नाही. आता कळतं, कारण दिवाळीच्या आधी ‘संपूर्ण शरीर तपासणी, सवलतीत’ अशा जाहिराती येतात आणि माणसं साडीच्या सेलला जावं तशी तपासणीला जातात. मला हे मुळीच पटत नाही. काही होत नसताना पोटात डोकावलं की काहीतरी दिसतंच आणि मग झोप जाते. पण हे माझं मत, सोडून द्या. हिमँजिओमा पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा झाला तर त्याला आम्ही ‘मोठा’ म्हणतो, पण तोही त्रास देत नसेल तर तसाच ठेवतो. फार मोठा होऊन दुखत असेल, जठरावर दाब देत असेल, तरच काढायचा. चित्रांत ठाम ओळख पटली असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीचीही गरज नसते.

दुसरी गाठ, एफएनएच. पूर्ण नाव फोकल नोड्युलर हायपरप्लाझिया, ते लक्षात ठेवू नका. यकृताच्याच पेशी एका जागी जरा जोमानं वाढलेल्या, मधोमध पुष्कळदा एक वण, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा. हिचाही कॅन्सर होत नाही. हिलाही उपचार लागत नाहीत.

तिसरी मात्र वेगळी, ॲडेनोमा. संख्येनं कमी, पण हिच्याकडे काणाडोळा करायचा नाही. ही मुख्यतः तरुण बायकांत, वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत दिसते. हा संबंध १९७३ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय साप्ताहिकात पहिल्यांदा मांडला गेला. तेव्हाच्या गोळ्या तेज होत्या, आजच्या सौम्य आहेत, म्हणून ऐकून घाबरून गोळी बंद करू नका. ॲडेनोमा असलेल्या बाईनं मात्र ती बंद करायची, वजन उतरवायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. पुष्कळदा गाठ आक्रसते. पाच सेंटिमीटरच्या वर राहिली तर काढायची, कारण ती आतल्या आत फुटून रक्तस्राव होऊ शकतो आणि काहींचा पुढे कॅन्सरही होतो. फुटलीच, तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन तिचा रक्तपुरवठा बंद करतात आणि ऑपरेशन मागाहून. पुरुषात ॲडेनोमा सापडला तर तो लहान असला तरी काढायचा. आणि व्यायामशाळेतली पोरं दंड फुगवायला जी स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतात, त्यांनीही ही गाठ होते. आमच्या काळी तालमीत दूध-बदाम चालायचं, दंड तेव्हाही फुगायचे.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. वारीला जायचंय, घरी सत्यनारायण आहे, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बायका दुकानातून परस्पर आणतात. त्यांनी यकृतात गाठ होते असं मी म्हणत नाही, त्या गोळ्या वेगळ्या. पण पांडुरंगाला पाळीचं वावडं आहे, हे तुम्हाला सांगितलं कुणी? जनाबाई त्याच्यासोबत दळायला बसायची. बरं, राहू दे.

यकृताचा तुकडा काढावा लागला तर घाबरायचं कारण नाही. हा एकच असा अवयव, की निरोगी असेल तर अर्ध्याहून जास्त कापला तरी काही आठवड्यांत भरून येतो.

आता ज्यांनी रेडिओ मधेच लावला त्यांच्यासाठी पुन्हा. यकृतातली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. आधी चित्रं, सुई नंतर. जुने रिपोर्ट सोबत न्या. आणि हे नीट ऐका: ज्यांना हिपॅटायटिस बी किंवा सी आहे, दारूनं वा अन्य कशानं यकृत सुकलंय, किंवा पूर्वी कुठला कॅन्सर झालाय, त्यांनी माझ्या काकूंचा दाखला घेऊन घरी बसू नये. त्यांच्या गाठीचा हिशेब निराळा, त्यांनी लगेच दाखवायचं.

काकू पुढच्या वर्षी आल्या. तब्येत दाखवायला नव्हे. टेबलावर कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘एक माजी, एक सुनेची. सांगा कुठली कुनाची.’ बाहेर पेशंट ताटकळलेले. मी दोन्हीतली एकेक फोड खाल्ली. श्रोतेहो, मला खरंच फरक कळला नाही. पण काकू समोर बसलेल्या, तेव्हा मी ठामपणे डावीकडच्या बरणीवर बोट ठेवलं. ‘ही तुमची.’

ती सुनेची होती.

नमस्कार.