चोरलचा साग आणि अळीचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरत आला की इंदूरची मंडळी सिमरोलचा घाट उतरून चोरलकडे निघतात. या वेळी जाल तेव्हा वाटेतला साग जरा थांबून पाहा. हिरव्या रानात मधेच करपल्यासारखे तपकिरी पट्टे दिसतील. पान हातात घेतलं तर नुसत्या शिरांची जाळी उरलेली. बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. जंगल हातचं गेलं, कोणीतरी औषध मारा, असंच वाटतं.

औषध मारायचं की नाही, हे कशावरून ठरवावं? या प्रश्नासाठी डॉ. के. एस. एस. नायर यांनी आपली उमेदीची वर्षं दिली. केरळात त्रिशूरजवळ पीची इथे १९७५ साली वन संशोधन संस्था सुरू झाली. नायर तिथले कीटकशास्त्रज्ञ, पुढे संचालकही झाले. त्यांच्या कामातला एकच प्रयोग आज मला नीट सांगायचा आहे, कारण मला तो फार मोलाचा वाटतो.

सागाच्या पानांवर मुख्यतः दोन अळ्या पडतात. हायब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची अळी कोवळी पालवी फस्त करते. दुसरी अळी जून पानातला हिरवा गर खाऊन जाळी करते. चोरलला दिसते ती ही दुसरी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातल्याच निलंबूरच्या तरुण सागवनात काही तुकड्या पहिल्या अळीपासून राखल्या, काही दुसरीपासून, काही दोघींपासून, आणि काही तशाच सोडून दिल्या. मग ५ वर्षं झाडांची वाढ मोजत राहिले. झाडाला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ थांबणारा माणूस लागतो.

उत्तर आलं ते असं. कोवळी पालवी खाणाऱ्या अळीमुळे लाकडाची होऊ शकणारी वाढ ४४ टक्क्यांनी घटत होती. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. कारण वेळेत आहे. पहिली अळी झाड वाढीला लागतं नेमकी तेव्हाच येते, आणि झाडाला साठवलेलं खर्चून पुन्हा पालवी फोडावी लागते. दुसरी येते तेव्हा पानाचं बरंचसं काम उरकलेलं असतं. डोळ्यांना जास्त भेसूर दिसणारी अळी तिथे कमी नुकसानीची निघाली!

मग पहिल्या अळीचं काय करायचं? पीचीच्याच शास्त्रज्ञांनी १९८८ साली तिच्यावरच्या एका विषाणूची नोंद केली. तो लागला की अळी मरते, शरीर विरघळतं आणि पानावर सांडलेल्या द्रवातून रोग पुढच्या अळ्यांना लागतो. आता कसरत उरते ती शोधाची. पूर्वमोसमी सरी पडल्यावर ही अळी आधी थोड्याच ठिकाणी उठते, मग पिढ्यांमागून पिढ्या पसरते. ती पहिली ठिकाणं हेरली तर या विषाणूच्या थोडक्या फवारणीत भागतं.

आपल्या मध्य प्रदेशानेही किड्याचा मार सोसला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मंडला-दिंडोरीकडच्या सरईला, म्हणजे सालवृक्षाला, बोररने, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या खोडात शिरणाऱ्या अळीने, पोखरलं आणि लाखो झाडं तोडावी लागली. यावरची युक्ती जुनी आहे. पावसाळ्यात सालवृक्षाचे ओंडके पाडून त्यांची साल ठेचायची. रसाच्या वासाने भुंगेरे येतात, रस पिऊन सुस्तावतात, आणि गावकरी त्यांना हाताने वेचतात. भुंगेऱ्याला काय आवडतं हे कोणीतरी आधी निरखलं होतं, म्हणून हे जमलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. केरळचे आकडे माळव्याला जसेच्या तसे लावू नयेत. आपला पावसाळा आखूड, सागाची वाढ थोड्या महिन्यांत उरकायची, त्यामुळे इथल्या जाळीचा हिशेब वेगळा निघू शकतो. तो इथेच, आपल्या झाडांवर मांडायला हवा. होळकर विज्ञान महाविद्यालयात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आपल्याच राज्यात आहे, तिथे जंगलातल्या किड्यांवर काम चालतं. तिकडे जाण्याआधी चोरलच्या चार सागांवर खुणा करा, खोडाचा घेर मोजा, कोणत्या आठवड्यात किती पानं जाळीदार झाली ते वहीत उतरवा. पुढच्या वर्षी पुन्हा तीच झाडं मोजा.