सपोर्ट उतरवताना

(अतिदक्षता विभाग. पहाट. सिरिंज पंपाचा हिरवा आकडा, मागे मॉनिटरची लाल लहर.)

पहाटेचे साडेचार वाजलेत. पंपावर आकडा आहे ०.१२. नॉरॲड्रेनलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवणारं औषध, दर किलो वजनामागे मिनिटाला ०.१२ मायक्रोग्रॅम. परवा रात्री हाच आकडा ०.४ होता. बाहेर बाकावर बसलेली मुलगी डॉक्टर दिसले की एकच विचारते, "सपोर्ट किती कमी झाला?" सपोर्ट म्हणजे दाब धरून ठेवणारं हेच औषध.

परवा सपोर्ट चढत होता तेव्हा या पलंगाभोवती उभं राहायला जागा नव्हती. आता तो उतरतोय, आणि पलंगाशी आहेत फक्त एक सिस्टर आणि एक पंप. चढणीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आज आपण उतरण पाहणार आहोत, कारण पाय घसरतो तो तिथेही.

सेप्टिक शॉकमध्ये जंतूंशी लढता लढता शरीराचा स्वतःचाच तोल जातो. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं. पुरेसं सलाईन देऊनही सरासरी दाब ६५ वर ठेवायला औषध लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींवर ताण आला की वाढणारं आम्ल, २ च्या वर राहतं, अशी याची व्याख्या २०१६ साली ठरली. या अवस्थेला पोचलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक दगावतात. म्हणून बाहेरच्या बाकावरचा तो प्रश्न साधा नाही.

(मॉनिटर जवळून. ९०/५४, कंसात ६६.)

कंसातला आकडा म्हणजे सरासरी दाब. खालच्या दाबाची दुप्पट, त्यात वरचा दाब, भागिले तीन. ६५ हे लक्ष्य कुणी दगडावर कोरलेलं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत काही रुग्णांचा दाब ६५ ते ७० ठेवला, काहींचा ८० ते ८५. जास्त दाबानं जास्त जीव वाचले नाहीत, उलट हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण वाढलं. पण ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता, त्यांच्यात जास्त दाब ठेवल्यावर डायलिसिसची गरज कमी पडली. २०२० सालच्या ब्रिटिश चाचणीत पासष्टी ओलांडलेल्यांचा दाब ६० ते ६५ वर राहू दिला आणि त्यातून जास्त मृत्यू झाले नाहीत. म्हणजे ६२ दिसलं, पण माणूस शुद्धीत आहे, हातपाय उबदार आहेत, लघवी होतेय, तर त्या ६२ ला घाबरून पंप वाढवायची गरज नसते.

(अलार्म.)

५७.

पंप नुकताच ०.१० वर आणला होता. हात आपोआप पंपाकडे जातो. रुग्ण राखाडी पडला असेल, हाकेला ओ देत नसेल, तर तो हात बरोबरच जातोय: आधी औषध वाढवायचं, विचार मागाहून. पण हा रुग्ण डोळे उघडून बघतोय. मग दहा सेकंद थांबून वर बघा. ट्रान्सड्युसर, म्हणजे मनगटाच्या धमनीतल्या नळीला जोडलेला दाब मोजणारा भाग, कुठे आहे?

मघाशी अंग पुसायला पलंग खाली घेतला होता. ट्रान्सड्युसर मात्र स्टँडवर होता तिथेच राहिला, हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर वर. एवढ्या फरकानं दाब सात-आठनं कमी दिसतो. रुग्णाला काहीच झालेलं नसतं. या एका चुकीपायी किती औषध विनाकारण चढत असेल, याचा हिशोब कुणी ठेवत नाही, आणि म्हणूनच ती मला गंभीर वाटते. लहर बोथट झाली असेल, तर नळीत बुडबुडा आहे का, मनगट दुमडलंय का ते पाहायचं. दंडाला पट्टा बांधून एकदा पडताळायचं.

मग पंप. नॉरॲड शरीरात जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं. संपलेली सिरिंज काढून नवी लावताना मध्ये पडलेला खंड लगेच मॉनिटरवर उमटतो. वेग कमी असेल, तर नवी सिरिंज पंपात नीट बसून औषध शिरेपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. अनुभवी सिस्टर म्हणूनच दुसरा पंप आधी चालू करते, दाब सावरलेला दिसला की मगच पहिला बंद करते. आणि नॉरॲडच्या नळीतून दुसरं इंजेक्शन कधीही ढकलत नाही, कारण नळीत साठलेलं औषध त्या धक्क्यानं एकदम आत जातं.

(रुग्णाचे पाय हळूहळू वर उचलले जातात.)

हे सगळं जागेवर असेल, तर दाब खरोखर पडलाय. मग खरा प्रश्न येतो: कशामुळे? खालचा दाब चाळिशीत असेल, तर वाहिन्या अजून सैल आहेत. पाय उचलले की सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदयाची फेक वाढली तर पाण्याची जागा आहे, नाहीतर नाही. ही परीक्षा फार सुंदर आहे, कारण पाय खाली ठेवले की दिलेलं सगळं परत घेता येतं. सलाईनचं तसं नसतं. पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर सलाईन देतात, ते योग्यच. पण तिसऱ्या दिवशी, बोटं सुजलेली असताना, नॉरॲडचा आकडा छान दिसावा म्हणून आणखी बाटली लावणं म्हणजे ऋण काढून सण करणं. फुप्फुसं ते ऋण फेडत बसतात.

कधी दोष गुंगीच्या औषधाचा असतो. प्रोपोफॉल वाहिन्या सैल करतं. रात्री रुग्ण अस्वस्थ झाला, प्रोपोफॉल वाढलं, मागोमाग नॉरॲड वाढलं, आणि सकाळी सगळे म्हणतात, सपोर्ट उतरत नाही. कधी डायलिसिसनं पाणी वेगानं काढलेलं असतं, कधी घरची रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू झालेली असते, कधी हृदयाची लय नुकतीच बिघडलेली असते.

आणि कधी कारण जुनंच असतं. दोन दिवस उतरणारं नॉरॲड पुन्हा चढू लागलं, सोबत ताप आला, लॅक्टेट वाढलं, तर उतरवणाऱ्याचा हात चुकलेला नाही. कुठेतरी पू राहिलाय. पोट पुन्हा तपासा, गळ्याच्या शिरेतल्या नळीकडे पाहा, अँटिबायोटिक बरोबर आहे का ते विचारा. अशा वेळी तासभर पंपाशी झटापट करण्यात सगळ्यात मोठा तोटा होतो तो वेळेचा.

(दोन पंप, एकाखाली एक.)

दुसऱ्या पंपावर व्हॅसोप्रेसिन आहे, वाहिन्या आवळणारं दुसरं औषध, मिनिटाला ०.०३ युनिट. सेप्टिक शॉकमध्ये शरीराचं स्वतःचं व्हॅसोप्रेसिन कमी पडतं, हे १९९७ साली दाखवलं गेलं, आणि तिथून हे औषध इथवर आलं. आधी कोणतं काढायचं यावर मतं जुळत नाहीत. जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांत व्हॅसोप्रेसिन आधी काढलेल्यांचा दाब जास्त वेळा पडला होता. २०१८ सालच्या दक्षिण कोरियातल्या छोट्या चाचणीत नेमकं उलटं दिसलं: नॉरॲड आधी उतरवलेल्यांचा दाब इतक्या वेळा पडला की चाचणी मध्येच थांबवली. मला क्रमापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते एका वेळी एकाच औषधाला हात लावणं. व्हॅसोप्रेसिनचा परिणाम सावकाश ओसरतो. ते बंद करून पाचव्या मिनिटाला नॉरॲडही कमी केलं, तर नंतर दाब पडल्यावर कुणामुळे पडला, हे कोण सांगणार? व्हॅसोप्रेसिन थांबल्यावर क्वचित लघवीचा लोट सुरू होतो, तेव्हा सोडियम तपासायला विसरू नये.

हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, दिवसाला २०० मिलिग्रॅम, सपोर्ट लवकर उतरायला मदत करतं. २०१८ सालच्या मोठ्या चाचणीत, साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांमध्ये, शॉक चारऐवजी तीन दिवसांत ओसरला, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. ते बंद केल्यावर दाब पुन्हा ढासळू शकतो, म्हणून पंप थांबण्याआधी त्याला हात न लावलेला बरा. मिडोड्रिन या दाब वाढवणाऱ्या गोळीकडून मोठी आशा होती. २०२० सालच्या चाचणीत तिनं पंपाचा काळ कमी केला नाही, नाडी मात्र मंदावली.

(बाक. मुलगी उठून उभी राहते.)

"रात्री थोडा वाढवावा लागला," डॉक्टर सांगतात. तिचा चेहरा पडतो. मग तेही तिच्या शेजारी बसतात. सांगतात, काल लघवी तासाला १० मिलिलिटर होत होती, आज ४० होतेय. लॅक्टेट अर्ध्यावर आलंय. सकाळी वडिलांनी पाणी मागितलं. तिला सपोर्टचा आकडा देऊन भागत नाही, हे सगळं सांगावं लागतं.

(दुपार. पंप.)

०.०५. ०.०३. अर्ध्या अर्ध्या तासानं. पंप थांबतो. सिस्टर नळी धुवत नाही, तिच्यात अजून औषध आहे. आधी ते मागे ओढून घेते. मनगटातली लाइनही आज काढायची नाही.

मॉनिटरवर ६४. ती रुग्णाचं बोट धरते, पेर पांढरं होईपर्यंत दहा सेकंद दाबून ठेवते, सोडते. एक. दोन. गुलाबी रंग परत येतो. ती वेळ लिहून ठेवते आणि पुन्हा बोट धरते.