एका कायनेजची दुहेरी चाकरी

श्रोतेहो,

या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या शरीरात आज एक विषाणू निपचित पडून आहे. त्याचे नाव सायटोमेगॅलोव्हायरस. रुग्णालयांत त्याला सीएमव्ही एवढेच म्हणतात. कांजिण्या आणि नागीण ज्या हर्पीस कुळातल्या विषाणूमुळे होतात, त्याच कुळातला हा. भारतातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण मूत्रपिंडाचे किंवा अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, तेव्हा हाच विषाणू फुप्फुसांत, आतड्यांत, डोळ्यांच्या पडद्यात डोके वर काढतो. त्याच्या अनेक प्रथिनांपैकी एकाच प्रथिनाविषयी मी आज बोलणार आहे. त्याचे नाव यूएल-९७.

यूएल-९७ हे कायनेज आहे. एटीपी या रेणूवरचा एक फॉस्फेट गट उचलून तो दुसऱ्या प्रथिनावर बसवणे, हे कायनेजचे काम. काम किरकोळ वाटते, पण फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि तो बसला की प्रथिनाचा आकार, त्याचे सोबती, त्याची पेशीतली जागा असे सारेच बदलू शकते. आपली स्वतःची पेशी याच पद्धतीने आपला कारभार चालवते. विषाणूने ही विद्या उचलली आहे. ७०७ अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांच्या, या कायनेजची भावंडे कुळातल्या इतर विषाणूंतही आहेत: ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्समध्ये यूएल-१३, एपस्टाईन-बार विषाणूमध्ये बीजीएलएफ-४.

विषाणूला त्याचा उपयोग काय? पहिला उपयोग दाराशीच होतो. सीएमव्हीची जनुकीय संहिता सुमारे २,३५,००० अक्षरांची, म्हणजे मानवी हर्पीस विषाणूंमध्ये सर्वांत लांब. तिच्या प्रती काढायला पेशीकडून भरपूर कच्चा माल हवा, आणि विसावलेली पेशी तो तयार करत नाही, कारण रेटिनोब्लास्टोमा नावाचे प्रथिन तिला विभाजनाच्या तयारीला लागू देत नाही. योग्य वेळ आली की पेशीची स्वतःची कायनेजे या पहारेकऱ्यावर फॉस्फेट बसवून त्याला बाजूला करतात. पण त्यांना सायक्लिन या सहायक प्रथिनांची गरज असते आणि त्यांना आवरणारी प्रथिनेही पेशीपाशी असतात. यूएल-९७ला सायक्लिन लागत नाही आणि पेशीचा तो लगामही त्याला बसत नाही. २००८ साली हे दाखवले गेले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या गेल्या, ही आपली म्हण इथे शब्दशः लागू पडते.

दुसरा उपयोग मला अधिक विलक्षण वाटतो. विषाणूची नवी कवचे पेशीच्या केंद्रकात तयार होतात. अशा पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मधोमध गडद गोळा आणि त्याभोवती फिकट कडे दिसते. रोगनिदानशास्त्रात त्याला घुबडाचा डोळा म्हणतात. आता प्रत्येक कवचाचा व्यास सुमारे १३० नॅनोमीटर, आणि केंद्रकाच्या छिद्रांतून जेमतेम ४० नॅनोमीटरच्या आसपासची वस्तू निघू शकते. म्हणजे दारातून बाहेर पडणे अशक्य. भिंतच पातळ करावी लागते. केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन प्रथिनांच्या जाळीचे अस्तर असते. विषाणूची यूएल-५० आणि यूएल-५३ ही प्रथिने आवरणाशी ठाण मांडतात, यूएल-९७ लॅमिनवर फॉस्फेट बसवते आणि जाळी जागोजाग विरळ होते. पेशी विभाजनाच्या वेळी स्वतः हेच करते, जवळपास त्याच जागांवर. मग कवच आतल्या पापुद्र्यातून फुगवटा काढून बाहेरच्या वाटेला लागते.

१९९९ साली यूएल-९७चे जनुक काढून टाकलेला विषाणू प्रयोगशाळेत वाढवला, तेव्हा त्याची वाढ शंभर ते हजार पटींनी घटली. तो मेला मात्र नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

आता औषधाकडे वळतो. गॅन्सिक्लोव्हिर हे सीएमव्हीवरचे औषध १९८९पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त होते. पण ते सीएमव्हीवर चालते कसे, याचा उलगडा झालेला नव्हता. औषध कामाला लागण्यासाठी त्यावर आधी एक फॉस्फेट बसावा लागतो. हर्पीस सिम्प्लेक्समध्ये ते काम थायमिडीन कायनेज करते, आणि सीएमव्हीकडे ते कायनेज नाही. १९९२ साली उत्तर मिळाले: पहिला फॉस्फेट यूएल-९७ बसवते. पुढचे दोन पेशीची कायनेजे बसवतात, आणि तयार झालेला रेणू विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजला, म्हणजे संहितेच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनाला, अडवतो. प्रथिनांसाठी घडलेले कायनेज एका लहानशा औषधाला फॉस्फेट देते, हा केवळ योगायोग; पण त्या योगायोगावर असंख्य रुग्णांची दृष्टी आणि जीव तगले आहेत.

म्हणूनच विषाणू निसटतोही इथूनच. महिनोन्महिने औषध घेणाऱ्या रुग्णात यूएल-९७च्या साखळीतले ४६०व्या, ५२०व्या किंवा ५९० ते ६०७ या पट्ट्यातल्या जागेवरचे अमिनो आम्ल बदलते. कायनेज आपले नेहमीचे काम करत राहते, फक्त गॅन्सिक्लोव्हिरला फॉस्फेट देणे टाळते.

मॅरिबाव्हिर हे औषध वेगळ्या दिशेने येते. ते एटीपीची जागा अडवून कायनेजच बंद पाडते. प्रत्यारोपणानंतरचा संसर्ग टाळण्यासाठी कमी मात्रेत झालेल्या त्याच्या चाचण्या फसल्या होत्या. पुढे ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी मात्रा घेऊन, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३५२ रुग्णांवर चाचणी झाली. आठव्या आठवड्यात मॅरिबाव्हिर घेणाऱ्या ५५.७ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू हटला, तर इतर औषधांच्या गटात २३.९ टक्के. नोव्हेंबर २०२१मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मेंदूत आणि डोळ्यात ते पुरेसे पोहोचत नाही, तेव्हा तिथल्या आजारासाठी ते वापरत नाहीत.

तरुण डॉक्टर मला विचारतात, की दोन्ही औषधे एकत्र का देऊ नयेत? ज्या कायनेजने गॅन्सिक्लोव्हिरला जागे करायचे, त्यालाच मॅरिबाव्हिरने बंद पाडले, तर पहिले औषध रक्तात नुसतेच फिरत राहील. हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा कायनेजचे काम समजून घेतले, तर चूक होणार नाही, असे मला कळकळीने वाटते.

मॅरिबाव्हिरलाही विषाणू चकवतो, बहुधा ४०९ आणि ४११ या जागा बदलून. तेव्हा गॅन्सिक्लोव्हिर बहुतेकदा चालते. ३४२ किंवा ४८०व्या जागेवरचे काही बदल मात्र दोन्ही औषधांना निकामी करतात. म्हणून औषध घेऊनही विषाणूचे प्रमाण उतरत नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी नमुना जनुकीय तपासणीला पाठवावा, आणि अहवालात यूएल-९७च्या पुढे कोणता आकडा लिहिला आहे ते आधी वाचावे.