सांगून जा

नमस्कार श्रोतेहो. आपल्या नाशिककरांना बाहेरगाव नवं नाही. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून माणसं मुंबईला नेते-आणते आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून कुणी मशीन बसवायला परगावी जातं, तर द्राक्षांच्या हंगामात कित्येकांना घर दिसत नाही. या सगळ्यांच्या घरातल्या लहान मुलांविषयी आज मला एकच सांगायचंय. जाताना सांगून जा.

नाशिकरोडला आमच्या शेजारी चार वर्षांचा मुलगा आहे. आई नोकरीनिमित्त अधूनमधून नागपूरला जाते, रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने. पहिल्यांदा गेली ती तो झोपल्यावर. रडारड नको म्हणून. सकाळी पोराने न्हाणीघर पाहिलं, गॅलरी पाहिली, कपाट उघडून साड्यांच्या मागेही पाहिलं. ती परतल्यावर कितीतरी दिवस तो रात्री तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायचा. डोळा लागला की आई नाहीशी होते, हेच तो शिकला होता.

पुढच्या खेपेला तिने त्याला जवळ बसवून बॅग भरली. टूथब्रश त्यानेच ठेवला. भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं आणि आपल्या टिकल्यांचं पाकीट त्याच्या हाती दिलं. रोज झोपताना एका चौकोनावर एक टिकली. चार टिकल्या झाल्या की सकाळी आई. निघताना तो रडला, खूप रडला, पण सकाळी शोधत फिरला नाही. नेमकं काम एक दिवस लांबलं. तिने स्वतः फोन करून त्याला सांगितलं, आणि आजीने पाचवी टिकली लावून घेतली.

आई आली, तर हा आजीच्या मागे! तिचे डोळे भरून आले. पण ओढाताण न करता ती तिथेच फरशीवर बसून बॅग उपसू लागली. थोड्या वेळाने हा बॅगेत डोकावला, मग मांडीवर. मुलं अशी फुरंगटतात, त्यांना वेळ द्यावा. खेळण्यांची लाच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आणखी एक. त्या आईला जो तो विचारतो, “पोराला कुणाकडे ठेवलंस?” दौऱ्यावर निघालेल्या बापाला हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

आई-बाप दिसेनासे झाले की रडणं साधारण आठव्या महिन्यापासून सुरू होतं. ते लाडावल्याचं लक्षण नव्हे. “पुढच्या गुरुवारी” हे चिमुरड्याला कळत नाही, रात्री मोजता येतात. म्हणून पुन्हा सांगते, सांगून जा. जेवणाझोपेच्या वेळा, रात्रीची गोष्ट, सगळं नेहमीसारखं ठेवा. व्हिडिओ कॉल संध्याकाळी करा. ऐन झोपेच्या वेळी आईचा चेहरा दिसला की काही मुलं जास्त बिथरतात. आणि ठरलेला फोन जमणार नसेल तर आजी-आजोबांना आधी कळवा, पोरगं मोबाइलसमोर ताटकळत बसायला नको. नमस्कार.